बी.ए. जॅपनीज करतेय, पुण्यात पुढे कामाचं काय?

केतकी११

नमस्कार मंडळी. मी पारनेर तालुक्यातली. सध्या कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते आणि बी.ए. जॅपनीजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. माझी एन-४ झाली आहे, जुलैत एन-३ देणार. बारावीला सायन्स होतं, मार्कही बरे होते, पण ही भाषा मनापासून आवडते म्हणून इकडे वळले. आता घरी गेलं की बाबा एकच विचारतात, पदवी झाल्यावर नेमकं कोणतं काम करणार? वर्गात विचारावं तर जितकी तोंडं तितकी मतं. एक मैत्रीण म्हणते, एन-२ झाली की हिंजवडीत नोकरी ठेवलेलीच आहे. दुसरी म्हणते, आता मोबाईलच भाषांतर करतो, आपल्याला कोण विचारणार. तिसरीने एका एजंटच्या सेमिनारला नाव घातलंय, तिला वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी थेट जपानला जायचंय.

ज्यांनी या भाषेवर प्रत्यक्ष पोट भरलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. रोजचं काम कसं असतं, पाच-सात वर्षांनी माणूस कुठे पोचतो, आणि माझ्या हातात जे दीड वर्ष उरलंय त्यात मी काय करावं?

तळजाईकर

वाचतोय. माझी भाचीही हेच शिकतेय आणि घरात हाच विषय चालू आहे.

चाकण_रोजची

केतकी, मी दुभाषी आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव, जिथे काम असेल तिथे जाते. सविस्तर लिहिते, कारण या कामाबद्दल कॉलेजात कुणी नीट सांगत नाही.

पुण्याच्या आसपास जपानी कंपन्या पुष्कळ आहेत. ब्रिजस्टोन चाकणला आहे, मित्सुबिशी इलेक्ट्रिक तळेगावला आहे, आणि या मोठ्या नावांच्या मागे सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कंपन्या आहेत. तुझ्या घराजवळ सुप्याच्या एमआयडीसीतही जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग राखलेला आहे, ते लक्षात ठेव. नवी लाईन बसवायची असली, नवीन मॉडेल सुरू व्हायचं असलं की जपानहून तज्ज्ञ येतात. काही आठवडे, काही महिने राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं इंग्रजी कामापुरतंही नसतं. तेव्हा आम्हाला बोलावतात.

काम कसं असतं ते एका प्रसंगावरून सांगते. प्रेस शॉपमध्ये ट्रायल चालू होती. पार्टच्या एका कडेला बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धारदार कोर, येत होती. जपानी साहेब वयस्क, आयुष्य डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, कामात गेलेलं. ते पार्ट हातात घेऊन कडेवरून नख फिरवायचे आणि तसेच बाजूला ठेवायचे, बोलत काहीच नव्हते. मग त्यांचं लक्ष ऑपरेटरकडे गेलं. तो प्रत्येक पार्ट क्रेटमध्ये ठेवण्याआधी उलटा करत होता. असं का, म्हणून त्यांनी मला विचारायला सांगितलं. बाजूला उभा असलेला इंजिनिअर इंग्रजीत म्हणाला, "इट्स जस्ट हिज हॅबिट." मी तरी ऑपरेटरलाच विचारलं, मराठीत. मुलगा लातूरकडचा. तो म्हणाला, "ताई, बर वर आली तर पुढच्या गड्याचा हात कापतो, म्हणून खाली तोंड करून ठेवतो." मी ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. साहेबांनी काम थांबवलं, त्या मुलाला जवळ बोलावलं आणि बर कोणत्या शिफ्टपासून वाढली, डाय शेवटची कधी घासली, हे त्यालाच विचारत बसले. दुपारपर्यंत कारण सापडलं. इंजिनिअरचं वाक्य मी जपानीत सांगून मोकळी झाले असते तर ही चौकशी झालीच नसती.

म्हणून आग्रहाने सांगते, चाकणला जपानी आणि इंग्रजी एवढ्यावर भागत नाही. मशिनवरच्या माणसाचं बोलणं मराठीत असतं, कधी हिंदीत. जपानीतून थेट मराठीत आणि मराठीतून थेट जपानीत बोलू शकणारी मुलगी तिथे इतरांपेक्षा फार वेगाने विश्वास मिळवते. तुझं गावाकडचं मराठी ही तुझी जमेची बाजू आहे, ते पुसू नकोस.

आता त्रासाची बाजू. सेफ्टी शूज घालून दिवसभर उभं राहायचं, प्रेसच्या आवाजात ऐकायचं, सलग बोलायचं. संध्याकाळी घसा आणि डोकं दोन्ही रिकामं होतं. बरंच काम एजन्सीमार्फत, दिवसाच्या दराने मिळतं. पीएफ नाही, आजारी पडलं तर पैसे नाहीत, प्रोजेक्ट संपला की पुढच्याची वाट पाहायची. काही कंपन्या पेरोलवर घेतात, पण मग दुभाषेपणाबरोबर साहेबांच्या घरभाड्यापासून एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय) कागदांपर्यंत सगळं करावं लागतं. एका ठिकाणी माझं तीन महिन्यांचं बिल एजन्सीने अडकवलं होतं. तेव्हापासून काम घेताना पैसे किती दिवसांत मिळणार, ओव्हरटाइमचा दर काय आणि ऐनवेळी रद्द झालं तर काय देणार, हे मेलवर लिहून घेतल्याशिवाय मी गाडीत बसत नाही.

हिंजवडी_फेज_तीन

चाकणची बाजू ताईंनी छान सांगितली. आयटीची मी सांगतो. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, जपानी नंतर शिकलो, पण माझ्या टीममध्ये बी.ए., एम.ए. जॅपनीज झालेली बरीच मुलं-मुली आहेत, त्यांचं पाहून लिहितोय.

टीसीएस, फुजित्सु, एनटीटी डेटा, केपीआयटी अशा कंपन्यांचं जपानी ग्राहकांचं काम पुण्यातून चालतं. भाषेच्या मुलांना सुरुवातीला ट्रान्सलेटर किंवा लँग्वेज कोऑर्डिनेटर म्हणून घेतात. काम म्हणजे ग्राहकाकडून आलेली स्पेसिफिकेशन्स इंग्रजीत आणायची, आपल्या लोकांच्या शंका जपानीत पाठवायच्या, मीटिंगमध्ये दुभाषेपण करायचं आणि मीटिंगचे मिनिट्स त्याच दिवशी पाठवायचे. स्पेसिफिकेशन बहुतेकदा एक्सेलमध्ये असतं, सेल जोडून-जोडून केलेलं, बाणांनी भरलेलं. जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथली नऊची मीटिंग म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. सुरुवातीची वर्षं हे अंगावर घ्यावं लागतं.

दार उघडायला एन-३ चालते. ग्राहकासमोर बसवायचं तर एन-२ लागतेच. पण मला जे मनापासून सांगायचंय ते यापुढचं. चार-पाच वर्षांनी भाषेची मुलं तिथल्या तिथे राहतात. त्यांच्यामागून आलेला टेस्टर लीड होतो, हे मात्र अजून कोऑर्डिनेटर. कारण प्रोजेक्टचं बिल लावताना ट्रान्सलेटरचा खर्च कंपनीला ओझं वाटतो. जे टेस्टिंग शिकले, रिक्वायरमेंट समजून घेऊन स्वतः ग्राहकाला प्रश्न विचारू लागले, ते बिझनेस अ‍ॅनालिस्ट झाले, ब्रिज एसई (जपानी ग्राहक आणि इथली टीम यांना जोडणारे इंजिनिअर) झाले, काही जण टोकियोला आहेत. माझ्या टीममधली एक मुलगी बी.ए. जॅपनीज, कोडिंगचा गंध नव्हता. ती ट्रान्सलेशन करता करता टेस्ट केसेस लिहायला लागली. ग्राहकाचं वाक्य वाचून तिला कळायचं की इथे काहीतरी सांगायचं राहून गेलंय, आणि ते डेव्हलपरला कळायचं नाही. आज ग्राहक तिचं नाव घेऊन तिला मागतो.

बावधनकर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. नुसत्या भाषेत तीन वर्षं घालवायची गरज काय? बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करा, संध्याकाळी जॅपनीजचा क्लास लावा. दोन्ही हातात राहील.

सेन्सेई_डेक्कन

बावधनकर, तुमचा मुद्दा मी दरवर्षी पालकांकडून ऐकते. बऱ्याच मुलांसाठी तो योग्यही आहे. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी-कॉलेज सांभाळून सर्टिफिकेट, डिप्लोमा करणारी मुलं पिढ्यान् पिढ्या आहेत आणि त्यातले कितीतरी पुढे फार उत्तम गेले. पण भाषेतली पदवी वाया जाते असं म्हणणं मला मान्य नाही, आणि त्याला ठोस कारणं आहेत.

संध्याकाळच्या क्लासवर एन-३ पर्यंत बहुतेक जण पोचतात. तिथून एन-२ चा चढ मोठा आहे. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेली जोयो कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, २,१३६ आहेत. त्यातली निम्मी तरी वाचताना अडखळायला होऊ नये, आणि वाचनाचा वेग हवा. एन-२ चा भाषाज्ञान आणि वाचनाचा पेपर १०५ मिनिटांचा असतो आणि आमची हुशार मुलं शेवटच्या उताऱ्यापर्यंत पोचत नाहीत. रोज चार तास भाषेत राहणाऱ्याला जो वेग येतो तो आठवड्यातून तीन संध्याकाळी येत नाही.

दुसरं, व्हिसा. जपानमध्ये दुभाषा, भाषांतरकार, भाषाशिक्षक म्हणून कामाचा व्हिसा घ्यायचा तर विद्यापीठाची पदवी असल्यास तीन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही. ही पदवी कोणत्याही विषयाची चालते, हे तुमच्या बाजूचं झालं. पण उच्च कुशल व्यावसायिकांची जी गुणांची पद्धत आहे, जिथे ७० गुण लागतात, त्यात परदेशी विद्यापीठातून जपानी मुख्य विषय घेऊन पदवी मिळवलेल्याला एन-१ वाल्याइतकेच १५ गुण मिळतात. एन-२ ला १० आहेत.

तिसरं, आणि केतकी, हे खास तुझ्यासाठी. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती ऐकली असशील. तिच्यात जपानी भाषा आणि संस्कृती शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला निक्केनसेई म्हणतात. साधारण वर्षभर जपानी विद्यापीठात शिकायचं, खर्च तिकडचं सरकार करतं. अट अशी की जपानी हाच तुझा मुख्य विषय असला पाहिजे आणि पदवी चालू असली पाहिजे, परत येऊन ती पूर्ण करायची असते. बी.कॉम. करून क्लास लावणाऱ्याला हे दार बंद आहे. तू आत्ता दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे चौकशी याच महिन्यात कर. मुंबईच्या जपानी वकिलातीच्या संकेतस्थळावर सूचना येतात.

आणखी एक गोष्ट मुलांना फार उशिरा कळते. जपानमध्ये एम.ए.ला प्रवेश घ्यायचा तर सर्वसाधारणपणे एकूण १६ वर्षांचं शिक्षण धरतात. आपलं बारावी अधिक तीन म्हणजे १५ होतात. काही विद्यापीठं वेगळी पात्रता तपासून घेतात, पण चार वर्षांच्या पदवीचा पर्याय तुमच्याकडे असेल तर तो नीट विचार करून ठरव.

शिकवण्याबद्दलही लिहिते, कारण मला ते काम प्रिय आहे. पुण्यात शिक्षकांना मागणी आहे, पण बहुतेक ठिकाणी तासावर पैसे मिळतात. पूर्ण वेळच्या जागा मोजक्या. सकाळी एक संस्था, दुपारी एखाद्या कंपनीत इंजिनिअरांची बॅच, संध्याकाळी ऑनलाइन, असं जोडून महिना भागवणारे माझे बरेच सहकारी आहेत. एन-४ वर थांबलेले लोकही क्लास काढून बसलेत, त्यामुळे फीही खाली येते आणि मुलांचा पायाही कच्चा राहतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिकवायचं असेल तर किमान एन-२ आणि अध्यापनाचं प्रशिक्षण घेऊनच वर्गात उभं राहावं.

शब्दांकित

मी घरून भाषांतर करते, जपानीतून इंग्रजीत. मोबाईल भाषांतर करतो म्हणणाऱ्या मैत्रिणीला पूर्ण चुकीचं म्हणू नकोस. साध्या पत्रव्यवहाराचं, मॅन्युअलचं काम आता मशीन आधी करतं आणि आमच्याकडे तपासायला येतं. तपासण्याचा दर भाषांतराच्या दरापेक्षा कमी असतो. जपानीचं काम मूळ मजकुरातल्या अक्षरांवर मोजतात, त्यामुळे दर कमी झाला की तो लगेच जाणवतो. केवळ लेखी भाषांतरावर संसार उभा करायचा या हिशेबाने आज कुणी बी.ए.ला बसू नये, असं मी भाचीलाही सांगेन.

पण मशीन कुठे पडतं तेही बघ. जपानी वाक्यात कर्ता बरेचदा नसतो. मशीन आपल्या मनाने "आम्ही" घालतं. करारात पैसे कुणी द्यायचे, तुम्ही की समोरच्याने, हे त्या एका कर्त्यावर ठरतं. आकड्यांचंही तसंच. त्यांची मोजणी दहा हजारांच्या गटांनी चालते. ३ ओकु ५,००० मान येन म्हणजे ३५ कोटी येन. इंग्रजीत मिलियनमध्ये नेताना माणसाकडूनही शून्य सुटतं आणि मशीनकडूनही. कायदा, पेटंट, औषधं या विषयांत चूक परवडत नाही, म्हणून तिथे जबाबदारी घेणारा माणूस लागतो आणि त्याला पैसे नीट मिळतात. त्यासाठी विषय शिकावा लागतो. माझ्याकडे सगळ्यात नियमित काम येतं ते पेटंटचं, आणि ते येतं कारण मी आधी केमिस्ट्री शिकलेली आहे. तुझं बारावी सायन्स आहे ना? पुस्तकं रद्दीत देऊ नकोस.

आणि इंग्रजी. भाषा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचं जपानी चांगलं असतं पण इंग्रजी लेखन कच्चं राहतं. पैसे देणारा वाचतो ते इंग्रजीच.

तळजाईकर

पगाराचे आकडे कुणी देईल का? भाचीच्या घरी तेच विचारतात.

हिंजवडी_फेज_तीन

तळजाईकर, एकाच पातळीच्या दोघींना कोणत्या कंपनीत, पेरोलवर की कंत्राटावर, यावरून इतका फरक पडतो की इथला आकडा तुमच्या भाचीला दिशाभूल करेल. तिने ज्या जागेसाठी अर्ज केला असेल तिथे एन-२ झाल्यावर वेगळा भत्ता आहे का हे विचारावं. बऱ्याच कंपन्या देतात आणि न विचारल्यास सांगत नाहीत.

कान्साईहून

मी सध्या जपानमध्ये आहे, मूळची पिंपळे गुरवची. केतकीच्या तिसऱ्या मैत्रिणीसाठी लिहिते.

देखभालीचं काम, म्हणजे काइगो, हे विशिष्ट कौशल्य कामगारांच्या व्हिसाखाली येतं. ही पद्धत जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केली आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी परीक्षा लागते, शिवाय त्या कामाची परीक्षा आणि काइगोच्या जपानीची वेगळी परीक्षा. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंबाला आणता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल लोक धरले आहेत. त्यामुळे एजंटांचे सेमिनार वाढलेत.

काम सन्मानाचं आहे. आजी-आजोबांना उचलायचं, आंघोळ घालायची, रात्रपाळी करायची आणि प्रत्येक गोष्टीची जपानीत नोंद ठेवायची. ज्याला मनापासून करायचंय त्याने जरूर यावं. पण बी.ए. जॅपनीज पूर्ण करून एन-२ पर्यंत जाणाऱ्या मुलीला दुभाषा किंवा ऑफिसच्या कामाचा व्हिसा मिळू शकतो, ज्यात कुटुंबही आणता येतं आणि पाच वर्षांची मर्यादा नसते. पदवी अर्धी टाकून एन-४ वर निघून येऊ नकोस, असं मैत्रिणीला माझ्याकडून सांग.

भाषाशाळेच्या विद्यार्थी व्हिसावर "शिका आणि कमवा" सांगणारेही आहेत. तिथे परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं. तेवढ्यात फी, भाडं आणि घरी पाठवायचे पैसे हे सगळं बसत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने घरची जमीन गहाण ठेवून एजंटला पैसे दिले आणि आल्यावर महिनाभरात हे गणित त्याच्या लक्षात आलं. कुणीही पैसे मागितले तर ते कशाचे, हे पावतीवर लिहून मागा. पावती देत नसेल तर उठून या.

केतकी११

सगळ्यांचे खूप आभार. मी वहीत उतरवून घेतलंय. निक्केनसेईबद्दल आम्हाला वर्गात कुणी बोललंच नव्हतं, उद्याच मॅडमना विचारते.

दोन शंका आहेत. चाकणच्या ताई, कारखान्यातले शब्द मी कुठून शिकू? आमच्या पुस्तकात चहाचा समारंभ आणि ऋतू आहेत, डाय आणि बर नाहीत. आणि दुसरं, मला एका ठिकाणी संध्याकाळच्या पार्टटाइम कामाबद्दल विचारलंय. जपानी इनव्हॉइसमधली माहिती सिस्टीममध्ये भरायची. अनुभव म्हणून घेऊ का?

हिंजवडी_फेज_तीन

घे. रेझ्युमेवर जपानी कागदांचं काम दिसतं, आणि पदवीनंतर फ्रेशर म्हणून उभं राहण्यापेक्षा ते बरं.

सेन्सेई_डेक्कन

मी नको म्हणेन. संध्याकाळचे चार तास त्यात गेले तर जुलैची एन-३ धोक्यात येईल. १८० पैकी ९५ गुण लागतात, शिवाय प्रत्येक भागात ६० पैकी १९. ऐकण्याच्या भागात कमी पडून नापास झालेली मुलं दर वर्षी भेटतात. त्याच वेळात रोज एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्या वाच, ऐक, आणि ऐकता ऐकता मागोमाग मोठ्याने म्हण. आणखी एक, जेएलपीटीत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत. एन-२ हातात असून मुलाखतीत स्वतःबद्दल चार वाक्यं बोलता न येणारे उमेदवार मी पाहिलेत. बोलण्याचा सराव कुणीतरी समोर असल्याशिवाय होत नाही.

चाकण_रोजची

मी सेन्सेईंच्या बाजूने. आकडे भरताना तुझ्या तोंडून एकही जपानी वाक्य निघणार नाही. त्या जागी जपानी माणसाशी बोलावं लागणार असेल, निदान फोनवर, तरच घे. नाहीतर एन-३ होईपर्यंत थांब.

शब्दांचं सांगते. आधी कारखाना मराठीत समजून घे. गावात किंवा नात्यात कुणी आयटीआय झालेलं असेलच, त्याच्याकडून व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं हातात धरून वाचायला शिक. टॉलरन्स म्हणजे काय ते त्याच्याकडून समजून घे. मग ड्रॉइंग वाचायला शिक. वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. जपानी ड्रॉइंग थर्ड अँगल प्रोजेक्शनमध्ये असतं आणि आपल्याकडे शिकवतात ते फर्स्ट अँगल, त्यामुळे उजवी बाजू कोणती यावरून मीटिंगमध्ये गोंधळ होतो. दुभाषाला हे माहीत असलं तर पाच मिनिटांत मिटतं. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) आणि सेव्हन क्यूसी टूल्स (दर्जा तपासायची सात साधनं) यांवरचं साहित्य जपानीतही भरपूर मिळतं आणि मराठीतही. दोन्ही शेजारी ठेवून वाच. शब्द आपोआप बसतील, वेगळे पाठ करावे लागणार नाहीत.

आणि नोट्स घ्यायची सवय आत्तापासून लाव. घरच्यांपैकी कुणी फोनवर दोन मिनिटं बोललं की न थांबवता ऐक, खुणांनी लिही आणि मग तेच सगळं जपानीत सांग. नावं, आकडे, तारखा सुटायला नकोत. एन-३ चा निकाल आला की मला व्यनि (खासगी निरोप) कर. दिवाळीनंतर एका लाईनचं काम निघण्याची शक्यता आहे, कंपनीची परवानगी मिळाली तर एक दिवस तुला माझ्याबरोबर आत नेईन. सेफ्टी शूजचा नंबर कळवून ठेव, गेटवर बायकांच्या मापाचे मिळत नाहीत.